देवघेवीच्या टेबलामागून पाहिलेला प्रशिक्षणदिन

ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी भरवलेल्या एका दिवसाच्या व्यवसायविकास कार्यशाळेला मी अलीकडेच उपस्थित होतो. सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत एकूण ७ सत्रे होती. त्यांपैकी ४ सत्रे दोन-दोनच्या जोडीने एकाच वेळी ठेवलेली असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला ५ सत्रेच येत होती. या पाचांपैकी दोन सत्रांनी माझी रोजच्या कामाची पद्धत बदलली, दोन सत्रे उपयोगी असूनही अपुरी वाटली आणि एक सत्र नसते तरी चालले असते. एका दिवसाच्या प्रशिक्षणाच्या मानाने हा हिशेब चांगला आहे. अशा दिवसाला जावे की नाही, या विचारात असलेल्या सहकाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तिथे काय मिळाले आणि जे मिळू शकत होते ते कशामुळे हातचे गेले, हे इथे सविस्तर लिहीत आहे.

मी देवघेव विभागात काम करतो. पुस्तके देणे, परत घेणे, मुदत वाढवून देणे, आलेली पुस्तके बोधांकाप्रमाणे (कण्यावरच्या विषयक्रमांकाप्रमाणे) जागच्या जागी लावणे, आणि हे सगळे चालू असताना वाचक जे विचारील त्याचे उत्तर शोधणे, असे हे काम आहे. बहुसंख्य वाचकांच्या लेखी ग्रंथालय म्हणजे या टेबलामागे बसलेला माणूसच असतो. तरीही अशा कार्यशाळांची पत्रे ग्रंथपालांच्या नावाने निघतात, ग्रंथपाल स्वतः जातात किंवा तालिकीकरणाचे, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत (तालिकेत) नोंदी करण्याचे, काम करणाऱ्या सहकाऱ्याला पाठवतात, आणि टेबल रिकामे ठेवता येत नाही या एका कारणावरून देवघेवीचा माणूस मागे राहतो. या वेळी सभागृहात साठेक जण असतील; ओळखपाळखीच्या वेळी लक्षात आले की त्यांत देवघेवीचे काम करणारे आम्ही सात-आठच आहोत. माझ्या आणि माझ्या एका सहकारी ताईंच्या बाबतीत हे जमले, कारण आमच्या ग्रंथपाल मॅडम त्या दिवशी स्वतः टेबलावर बसल्या. हे परीक्षण त्यामुळे टेबलामागच्या माणसाचे आहे.

पहिले सत्र बीजभाषणाचे होते आणि विषय ‘ग्रंथालयांचे भवितव्य’ असा होता. या विषयावर जे नेहमी बोलले जाते तेच पडद्यावरच्या चित्रांसह पुन्हा बोलले गेले, त्यामुळे त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एका ठिकाणी मात्र सभागृह जागे झाले. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा संच पाहिला, आणि त्याच मोजक्या पट्ट्या नि स्क्रू वेगवेगळ्या रीतीने जोडून वेगवेगळ्या वस्तू बनतात हे पाहताना विषयांचे क्रमांकही असेच जोडून तयार करता येतील असे त्यांच्या मनात आले. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोलन वर्गीकरणाचे मूळ त्या खेळण्यात आहे. मेल्विल ड्युई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत विषयाची जागा बव्हंशी आधीच आखून ठेवलेली असते. रंगनाथन यांनी विषयाचे पैलू सुटे करून ते चिन्हांनी जोडण्याची सोय केली. वर्गीकरणाच्या वर्गात मी हे पाठ केले होते, पण या गोष्टीमुळे ते पहिल्यांदा समजले. वक्त्यांनी हा धागा पुढे नेला असता तर बरे झाले असते. ते लगेच पुढच्या चित्राकडे वळले.

दुसरे सत्र पुस्तकांच्या प्राथमिक दुरुस्तीचे होते आणि संपूर्ण दिवसात मी सर्वाधिक शिकलो ते इथे. जागा फक्त बाराच होत्या. बाकीचे सगळे शेजारच्या दालनात दुर्मीळ ग्रंथांच्या डिजिटल प्रती करण्याविषयीच्या सत्राला बसले. मार्गदर्शक बाई जतनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या होत्या. त्यांनी प्रस्तावना केली नाही. प्रत्येकासमोर एक फाटलेले पान, एक बारीक कुंचला, टिपकागदाचे दोन तुकडे आणि वाटीभर खळ ठेवली आणि पहिली सूचना दिली ती अशी की पाच मिनिटे कशालाही हात लावू नका, फक्त फाटलेली कड पाहा. तशी पाहिल्यावर कळले की पान सरळ रेषेत कधीच फाटत नाही. कागदाच्या जाडीतच तिरका उतार पडतो, एका बाजूची कड वर येते आणि दुसऱ्या बाजूची खाली जाते, आणि काही ठिकाणी ही वर-खाली मध्येच उलटते. कोणती कड कुठे वर आहे हे न पाहता पान जोडले, तर छापील अक्षरे एकमेकांना मिळत नाहीत आणि पांढऱ्या कागदाची एक रेघ कायमची दिसत राहते. मी आजवर शेकडो पाने चिकटवली आहेत. ही रेघ मी नेहमी पाहिली होती, तिचे कारण मात्र मला ठाऊक नव्हते.

जोडण्यासाठी जपानी कागद वापरायचा होता. हा कागद तुतीच्या कुळातील कोझो या झाडाच्या सालीपासून करतात आणि त्याचे तंतू लांब असतात. त्याची पट्टी कात्रीने कापायची नाही; ओल्या कुंचल्याने कागदावर रेघ ओढायची आणि त्या ओल्या रेघेवर तो हलकेच दोन्हीकडे ओढून फाडायचा. असे केल्याने पट्टीच्या कडेला तंतूंची बारीक झालर सुटते, आणि ही झालरच मूळ पानाच्या तंतूंत बसते. कात्रीने कापलेल्या पट्टीची कड धारदार राहते आणि पुढे पान त्याच कडेवर दुमडून पुन्हा फाटते. पट्टीला गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लावून ती फाटीवर ठेवली, वर न चिकटणारा पातळ कापडी कागद, त्यावर टिपकागद आणि त्यावर वजन ठेवले, आणि अर्ध्या तासाने पान उचलून दिव्यासमोर धरले, तेव्हा जोड शोधावा लागत होता. समोरच्या एका ग्रंथपालांनी ते पान तीन वेळा उलटेपालटे करून पाहिले.

खळीविषयी झालेली चर्चा मला विशेष महत्त्वाची वाटली. बांधणीकारांकडे कणकेच्या किंवा मैद्याच्या खळीत मोरचूद (तांब्याचा क्षार) घालण्याची जुनी पद्धत आहे, कारण त्यामुळे कसर आणि झुरळे लागत नाहीत. बाईंनी ती पद्धत हसण्यावारी नेली नाही. कीड खरोखरच दूर राहते, असे त्यांनी आधी मान्य केले आणि मग तांब्याच्या अंशामुळे कागदाचा ऱ्हास लवकर होतो, म्हणून ती ठेवणीतल्या पुस्तकांना का वापरू नये हे सांगितले. स्टार्चची खळ पाण्याने पुन्हा सोडवता येते, हा तिचा खरा गुण. आपण केलेली दुरुस्ती उद्या आपल्यापेक्षा जाणत्या माणसाला काढून टाकता आली पाहिजे, हे तत्त्व त्यांनी खळीच्या वाटीवरून शिकवले. चिकटपट्टीच्या बाबतीत हेच होत नाही. तिचा चिकट थर कागदात मुरतो, पिवळा आणि मग तपकिरी पडतो, वरची पारदर्शक पट्टी काही वर्षांनी गळून जाते आणि डाग तेवढा राहतो. आमच्या टेबलाच्या खणात चिकटपट्टीची दोन रिळे कायम असत, हे मला तिथे बसल्या बसल्या आठवत राहिले.

सत्राच्या शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोष्टी सांगितल्या गेल्या, त्या प्रत्येक ग्रंथालयात पहिल्या दिवशी शिकवायला हव्यात. पहिली म्हणजे मांडणीवरून पुस्तक काढताना त्याच्या कण्याच्या वरच्या टोकात बोट अडकवून ओढायचे नाही. दोन्ही बाजूंची पुस्तके किंचित आत सारायची आणि मधले पुस्तक कण्याच्या मध्यावर धरून बाहेर घ्यायचे. आमच्याकडे ज्या पुस्तकांचे कणे फाटले आहेत ती जवळजवळ सगळी वरच्याच टोकाला फाटलेली आहेत. दुसरी गोष्ट भिजलेल्या पुस्तकांची. ओल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते, त्यामुळे पुस्तके जास्त असतील आणि तेवढ्या वेळात वाळवणे शक्य नसेल तर ती गोठवून ठेवणे हा मान्य उपाय आहे; गोठवल्याने वेळ थांबतो आणि मग थोडी थोडी बाहेर काढून वाळवता येतात. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तके सर्वांत आधी हाताळावी लागतात, कारण ती वाळताना पाने एकमेकांना चिकटून विटेसारखी होतात. या संदर्भात त्यांनी नोव्हेंबर १९६६ मधील फ्लॉरेन्सच्या महापुराची हकीकत सांगितली. आर्नो नदीचे पाणी आणि चिखल तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला, देशोदेशींचे तरुण हातोहात पुस्तके बाहेर काढायला आले, आणि ग्रंथजतनाच्या आजच्या पुष्कळ पद्धती त्यानंतरच्या कामातून घडल्या.

तिसरे सत्र संदर्भसेवेतील संवादाचे होते. याबद्दल माझ्या फारशा अपेक्षा नव्हत्या, कारण ‘वाचकांशी हसून बोला’ या पातळीवरचा उपदेश मी पूर्वी ऐकला होता. इथे तसे झाले नाही. सॅम्युएल ग्रीन या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ सालीच वाचक आणि ग्रंथपाल यांच्यातील व्यक्तिगत संबंधांवर लिहिले होते, तिथून सुरुवात करून मार्गदर्शक रॉबर्ट टेलर यांच्या १९६८ सालच्या मांडणीपर्यंत आले. टेलर यांच्या म्हणण्याप्रमाणे माणसाची माहितीची गरज चार पायऱ्यांनी खाली उतरते: आधी ती मनात नुसती हुरहुर असते, मग स्वतःला उमगते, मग तिला नीट शब्द मिळतात, आणि शेवटी ग्रंथालयात काय मिळेल याचा अंदाज बांधून तो माणूस तिला मुरड घालतो. टेबलाशी जो प्रश्न येतो तो या चौथ्या पायरीवरचा, मुरड घातलेला प्रश्न असतो. माझ्या दृष्टीने संपूर्ण दिवसातले हे सर्वांत मोलाचे वाक्य होते.

त्यानंतर जोड्या करून सराव झाला. एकाने टेबलावर बसायचे, दुसऱ्याने वाचक व्हायचे. वाचकाजवळच्या पाकिटात त्याची खरी गरज लिहिलेली होती आणि विचारल्याशिवाय ती सांगायची नाही असा नियम होता. माझ्यासमोर दुसऱ्या एका ग्रंथालयातल्या ज्येष्ठ बाई बसल्या. त्यांनी विचारले, “मूत्रपिंडावरचे एखादे पुस्तक आहे का?” मी लगेच उत्तर दिले, “हो, ६१६ च्या मांडणीवर पाहा, वैद्यकाची पुस्तके तिथेच आहेत.” हे उत्तर मी रोज देतो आणि ते चुकीचेही नाही, ड्युई पद्धतीत रोगांची पुस्तके ६१६ मध्येच येतात. बाईंनी पाकीट उघडून दाखवले. त्यात लिहिले होते: ‘भावाला मूत्रपिंड द्यावे असे डॉक्टरांनी सुचवले आहे, देणाऱ्या माणसाचे पुढचे आयुष्य कसे असते, हे मला जाणून घ्यायचे आहे.’ त्या वाचकाला ६१६ मध्ये रोगांची वर्णने सापडली असती. तिला हवे होते ते बरेचसे शेजारच्या ६१७ मध्ये, शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत आहे. काही तर कदाचित अनुभवकथनांच्या मांडणीवर असेल. ती बाई पंधरा मिनिटे पुस्तके चाळून, आभार मानून निघून गेली असती आणि मला ते कळलेही नसते.

पुढचा भाग प्रश्न कसा विचारावा याचा होता आणि तो मराठीत बोलणाऱ्यांच्या दृष्टीने नीट विचार करून बांधलेला होता. “हे कशासाठी हवे आहे?” असे विचारले की वाचकाला उलटतपासणी वाटते, “हे कशाला हवे आहे?” म्हटले तर जणू नकोच असे ऐकू येते. त्याऐवजी “यातले नेमके काय पाहायचे आहे?” किंवा “आतापर्यंत काय वाचून झाले आहे?” असे विचारले, तर कारण सांगण्याची सक्ती होत नाही आणि तरीही माणूस हवे तेवढे सांगतो. आजार, कायदा किंवा घरगुती तंटा यांविषयीचा प्रश्न असेल तर टेबलावरून मोठ्याने न बोलता उठून वाचकाच्या बाजूला जावे, मांडणीकडे चालता चालता विचारावे, हेही त्यांनी करून दाखवले. एक गोष्ट मात्र राहून गेली. टेबलापुढे दहा माणसांची रांग असताना हा संवाद कसा करायचा, हे आमच्यापैकी एकीने विचारले तेव्हा मार्गदर्शक प्रामाणिकपणे म्हणाले की त्याचे उत्तर मनुष्यबळात आहे, कौशल्यात नाही. उत्तर खरे होते. त्यावर सभागृहातल्या ग्रंथपालांनी बोलायला हवे होते आणि तेवढ्यात वेळ संपली.

दुपारचे पहिले सत्र ग्रंथालय संगणकप्रणालीचे होते. कोहा ही प्रणाली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाने १९९९ साली करवून घेतली, कारण त्यांची जुनी प्रणाली सन २००० मध्ये चालणार नव्हती. ती त्यांनी सर्वांसाठी मुक्त ठेवली. ‘कोहा’ या माओरी शब्दाचा अर्थच भेट असा आहे. त्यानंतर ‘मार्क’च्या, म्हणजे पुस्तकाची माहिती संगणकाला वाचता येईल अशा क्रमांकांच्या रकान्यांत लिहिण्याच्या पद्धतीच्या, नोंदींचा विषय आला. हेन्रिएट अॅव्हराम यांच्या नेतृत्वाखाली लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात तयार झालेली ही पद्धत आजही आपल्या तालिकेच्या पोटात आहे: १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक आणि मूळ लिपीतली जोडनोंद करायची असेल तर ८८०. मार्गदर्शकांनी एकाच लेखकाचे नाव तीन तऱ्हांनी टाकलेली तालिका पडद्यावर दाखवली: एकदा पूर्ण नाव, एकदा आद्याक्षरे, एकदा आडनाव आधी. तालिकेत शोधणाऱ्या वाचकाला हे तीन वेगळे लेखक दिसतात आणि त्याला त्या लेखकाची एक-तृतीयांश पुस्तकेच सापडतात. नाव एकदा प्रमाणित करून प्रत्येक नोंद त्याला जोडणे किती आवश्यक आहे, हे त्या एका पडद्यावरून पटले. ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हा रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतला नियम सकाळी भाषणात आला होता, पण तो मोडतो कसा हे दुपारी दिसले.

याच सत्रात ती गोष्ट घडली, जिच्यामुळे या दिवसाविषयी माझी तक्रार आहे. मागच्या रांगेतल्या, देवघेवीचेच काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने विचारले की वाचकाने पुस्तक परत केल्यावर त्याच्या नावाशी जोडलेली ती नोंद प्रणालीत किती काळ राहते, आणि ती कोणाकोणाला दिसते. मला तो संपूर्ण दिवसातला सर्वांत चांगला प्रश्न वाटला. कोण काय वाचतो ही त्या माणसाची खासगी बाब आहे. सकाळच्या सरावातल्या त्या बाईंनी अवयवदानाचे पुस्तक नेले हे त्यांच्या घरच्यांनाही आमच्याकडून कळता कामा नये. व्यासपीठावरून उत्तर आले की हा आजचा विषय नाही, मध्यंतरात बोलू. मध्यंतरात मार्गदर्शक आयोजकांबरोबर निघून गेले. मी परतल्यावर आमच्याच प्रणालीत पाहिले, तर कोहामध्ये याची व्यवस्थित सोय आहे. परत आलेल्या पुस्तकांच्या जुन्या नोंदींतून सभासदाचे नाव काढून टाकता येते, आणि ती नोंद किती जपायची हे सभासदाला स्वतः ठरवू देण्याचा पर्यायही ठेवता येतो. म्हणजे दोन मिनिटांचे उत्तर होते. ते त्या सत्रात मिळाले असते तर आलेल्या साठेक जणांच्या ग्रंथालयांत त्याच आठवड्यात कोणीतरी ती सोय तपासून पाहिली असती.

शेवटच्या जोडसत्रांपैकी मी सुलभतेचे, म्हणजे दृष्टिहीन वाचकांनाही पुस्तके वाचता यावीत यासाठीचे, निवडले आणि सहकारी ताई संग्रहछाटणीच्या, म्हणजे नको असलेली पुस्तके संग्रहातून काढण्याच्या, सत्राला गेल्या. सुलभतेच्या सत्रात मार्गदर्शक स्वतः दृष्टिहीन होते. त्यांनी एनव्हीडीए हे विनामूल्य पडदावाचक सॉफ्टवेअर चालवून आधी एक नीट तयार केलेले ई-पुस्तक ऐकवले आणि मग एका ग्रंथालयाने अभिमानाने संकेतस्थळावर ठेवलेली एका जुन्या पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत उघडली. सभागृहात शांतता पसरली, कारण सॉफ्टवेअरला वाचण्यासारखे त्यात काही नव्हते. आपल्याला जी अक्षरे दिसतात ती यंत्राच्या दृष्टीने नुसती चित्रे होती. मजकूर ओळखण्याची प्रक्रिया केल्याशिवाय प्रत ठेवली, तर ते पुस्तक या वाचकांसाठी बंदच राहते. जून २०१३ मध्ये मंजूर होऊन सप्टेंबर २०१६ मध्ये अमलात आलेल्या माराकेश करारामुळे अशा वाचकांसाठी सुलभ प्रती तयार करणे आणि त्या देशोदेशी पाठवणे कायद्याच्या चौकटीत शक्य झाले, हेही त्यांनी थोडक्यात पण स्पष्टपणे सांगितले. सत्राला पाऊण तासच दिला होता. सकाळच्या बीजभाषणाला सव्वा तास होता; हे दोन आकडे उलटे असते तर दिवस अधिक कारणी लागला असता.

छाटणीच्या सत्राबद्दल ताईंचे मत चांगले होते. १९७६ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये तयार झालेल्या पद्धतीतल्या सहा कसोट्या तिथे शिकवल्या गेल्या: माहिती दिशाभूल करणारी आहे का, प्रत जीर्ण झाली आहे का, नवी आवृत्ती आली आहे का, पुस्तक उथळ आहे का, आपल्या वाचकांशी त्याचा संबंध उरला आहे का, आणि ते अन्यत्र सहज मिळते का. प्रत्येक गटाला दहा पुस्तके देऊन निर्णय घ्यायला लावले होते. एका जीर्ण स्मरणिकेवरून ताईंच्या गटात बराच वाद झाला. दहा वर्षांत ती एकदाही देवघेवीत गेली नव्हती, पण ती अन्यत्र कुठेच मिळणार नाही, म्हणून ती राहिली. निर्लेखनाच्या (संग्रहातून काढायच्या पुस्तकांच्या) यादीवर सही करण्याआधी पुस्तक हातात घ्यावे, हा त्यांचा निष्कर्ष आमच्याकडे आता अमलात आला आहे.

व्यवस्थेविषयी थोडे लिहायला हवे. बैठक, ध्वनी, वेळापत्रकाची सूचना, प्रमाणपत्र हे सगळे नेटके होते. त्रुटी एकच, पण मोठी: प्रश्नांना जागा नव्हती. प्रत्येक सत्रात प्रश्नोत्तरांसाठी म्हणून पाच मिनिटे छापलेली होती आणि वक्ता लांबला की कात्री तिथेच लागत होती. समारोपाची खुली चर्चा अर्ध्या तासाची होती, ती आभारप्रदर्शनासह पंधरा मिनिटांत आटोपली. अभिप्रायाच्या अर्जावर एक ते पाच असे आकडे होते, लिहिण्यासाठी एकही ओळ नव्हती. मी अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिले. टिपणे आठवडाभरात पाठवू असे सांगितले होते. दुरुस्तीच्या मार्गदर्शक बाईंची टिपणे, साहित्याच्या यादीसह, दुसऱ्याच दिवशी आली, बाकीची अजून यायची आहेत.

ज्यांना अशा दिवसाला जायचे आहे त्यांना माझे सांगणे असे की नोंदणी उघडल्याबरोबर प्रत्यक्ष कामाच्या सत्रात जागा धरावी, कारण त्या मोजक्या असतात आणि आधी भरतात. आपल्या ग्रंथालयातले एखादे फाटलेले पान, तालिकेतली एखादी घोटाळ्याची नोंद, वाचकाने विचारलेला आणि आपल्याला न सुटलेला एखादा प्रश्न लिहून बरोबर न्यावा. दोघे जात असतील तर समांतर सत्रे वाटून घ्यावीत आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशी, विसरण्याआधी, बाकीच्या सहकाऱ्यांना अर्धा तास बसवून सांगावे. आम्ही तसे केले. दुरुस्तीचे टेबल आता खिडकीजवळ लागले आहे, चिकटपट्टीची रिळे कार्यालयीन पाकिटांपुरती उरली आहेत, आणि आतापर्यंत एकवीस पाने स्टार्चच्या खळीने जोडून झाली आहेत. पहिली चार पुन्हा सोडवून नव्याने जोडावी लागली, आणि ती सोडवता आली.

आमच्याकडे पुस्तके मांडणीवर लावण्याचे काम करणारे परिचर सकाळपासून संध्याकाळपर्यंत जितकी पुस्तके हाताळतात तितकी आम्ही कोणीच हाताळत नाही, आणि कण्याच्या वरच्या टोकात बोट अडकवू नये हे त्यांना इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. ते मी दाखवले तेव्हा त्यांनी विचारले की खालच्या फळीवर पुस्तके इतकी दाटून भरलेली असताना शेजारची दोन आत कशी सारायची. याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेसाठी त्यांचे नाव पाठवायचे, असे मॅडमनी ठरवले आहे. त्या दिवशी मांडणीचे काम मी करणार आहे.